सही खरी आहे, मग पुढे काय? नेल्सनच्या डाव्या हाताच्या पत्राविषयी

पेट परीक्षेची तयारी करताना तुम्ही एक व्याख्या नक्की पाठ केली असेल : प्राथमिक साधन म्हणजे घटनेच्या काळात, घटनेशी संबंधित माणसाने तयार केलेलं साधन. उदाहरणं : पत्र, डायरी, शिलालेख, सनद. दोन गुणांसाठी एवढं पुरतं. पण खरोखर एखादं जुनं पत्र समोर आलं, खाली प्रसिद्ध माणसाची सही आहे, तारीख आहे, जागा लिहिली आहे, तर त्याचं करायचं काय? बहुतेक जण त्यातलं एक भावणारं वाक्य उचलतात, प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात टाकतात आणि पुढे जातात. सही आहे म्हणजे पुरावा आहे, असं आपण गृहीत धरतो.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. आमच्याकडे लॅब नोटबुकच्या प्रत्येक पानावर सही आणि तारीख टाकावी लागते. त्या सहीचा अर्थ इतकाच, की हे रीडिंग अमुक दिवशी अमुक माणसाने घेतलं. रीडिंग बरोबर आहे असा त्याचा अर्थ नाही. बॅलन्स नीट कॅलिब्रेट केलेला नसेल तर सही कितीही वळणदार असो, आकडा चुकीचाच राहतो. इतिहासाच्या साधनांनाही हाच नियम लागतो, फक्त तिथे बॅलन्स तपासायची पद्धत वेगळी. ती पद्धत एका पत्रावर चालवून बघू. पत्र आहे होरेशियो नेल्सनचं, २७ जुलै १७९७चं, ‘थिसियस’ या युद्धनौकेवरून लिहिलेलं. ब्रिटिश आरमारातला हा अधिकारी पुढे १८०५ साली ट्रॅफल्गारच्या लढाईत मारला गेला आणि लंडनच्या चौकातल्या खांबावर जाऊन बसला. त्याची पत्रं भरपूर छापलेली आहेत आणि तारीखवार लावलेली आहेत, त्यामुळे सरावासाठी इतका चांगला नमुना क्वचित मिळतो.

आधी प्रसंग. जुलै १७९७मध्ये नेल्सन नुकताच रिअर ॲडमिरल झाला होता. कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ बेटावरचं सांताक्रूझ हे स्पॅनिश बंदर घ्यायला त्याला पाठवलं होतं. २४ जुलैच्या रात्री होड्यांमधून हल्ला झाला आणि तो साफ फसला. शंभराहून जास्त खलाशी आणि सैनिक मेले, त्यातले बरेचसे बुडून. नेल्सन होडीतून उतरत असतानाच उजव्या हाताला, कोपराच्या वर, गोळी लागली. त्याचा सावत्र मुलगा जोसाया निस्बेट त्याच होडीत होता. त्याने जखमेच्या वर घट्ट बांधून रक्त थांबवलं आणि नेल्सनला जहाजावर परत आणलं. त्याच रात्री हात कापला गेला.

दोन दिवसांनी नेल्सनने आपला वरिष्ठ ॲडमिरल जॉन जर्व्हिस याला डाव्या हाताने एक पत्र लिहिलं. छोटंसंच आहे. आशय साधारण असा : मी आता मित्रांना ओझं झालो आहे आणि देशाच्या उपयोगाचा राहिलेलो नाही. तरी माझ्या २४ तारखेच्या पत्रावरून जोसायाच्या बढतीची मला किती काळजी आहे हे आपल्याला दिसेल. आपल्या हाताखालून निघालो की मी जगाला मेलो, इथून जाईन आणि पुन्हा दिसणार नाही. माझ्या शरीराचं जे काही उरलं आहे ते इंग्लंडला नेण्यासाठी एखादं फ्रिगेट द्यावं. मग आशीर्वादाचा मजकूर, ‘होरेशियो नेल्सन’ अशी सही, आणि सहीच्या खाली एक ओळ : अक्षराबद्दल माफ करा, हा माझा पहिलाच प्रयत्न आहे.

प्रेरणादायी भाषणांत या पत्राची कथा ठरलेली असते. हात गेला, माणूस खचला, स्वतःला निरुपयोगी म्हणाला, आणि एका वर्षात नाईलची लढाई जिंकला. तारखा खऱ्या आहेत. नाईलची लढाई १ ऑगस्ट १७९८ची, म्हणजे पत्रानंतर बरोबर एक वर्ष आणि पाच दिवस. तरी हे वाचन मला कच्चं वाटतं. का, ते पुढे सांगते. आधी सहीकडे बघू, कारण नेल्सनची सही हे अभ्यासकाच्या हातातलं फार कामाचं हत्यार आहे.

नेल्सन आयुष्यभर एकच सही करत नव्हता. १७९८च्या नोव्हेंबरपर्यंत तो ‘होरेशियो नेल्सन’ अशी सही करायचा. नाईलच्या विजयानंतर त्याला बॅरन केलं गेलं. ब्रिटिश उमराव फक्त पदवीच्या नावाने सही करतात, म्हणून सही झाली ‘नेल्सन’. १७९९मध्ये नेपल्सच्या राजाने त्याला सिसिलीतली ब्रॉन्टेची जहागीर आणि ड्यूक ही पदवी दिली. मग काही काळ ‘ब्रॉन्टे नेल्सन’, कधी ‘ब्रॉन्टे नेल्सन ऑफ द नाईल’. परदेशी पदवी वापरायला आपल्या राजाची परवानगी लागते. ती १८०१च्या जानेवारीत मिळाली आणि तेव्हापासून मरेपर्यंत सही ‘नेल्सन अँड ब्रॉन्टे’ अशी राहिली. (ब्रॉन्टे भगिनींच्या वडिलांनी आपल्या आयरिश आडनावाचं हे रूप केलं, त्यामागे बहुधा हीच पदवी होती. साहित्याच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.)

याचा उपयोग तुमच्या लक्षात आला असेल. १७९६ची तारीख असलेलं आणि खाली ‘नेल्सन अँड ब्रॉन्टे’ सही असलेलं पत्र कुणी दाखवलं, तर आत काय लिहिलं आहे ते वाचायच्या आधीच तुम्ही ते बाजूला ठेवू शकता. तारीख तरी चुकीची आहे किंवा पत्र तरी. आणि तारीख फाटून गेलेलं पत्र मिळालं, तर सहीवरून ते कोणत्या दोन-तीन वर्षांतलं हे सांगता येतं. याच्या जोडीला हात आहे. २४ जुलै १७९७पर्यंत उजवा, त्यानंतर डावा. दोन स्वतंत्र खुणा, दोन्ही तारीख सांगणाऱ्या, आणि त्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. डाव्या हाताचं अक्षर आणि ‘होरेशियो नेल्सन’ ही सही हे दोन्ही एकत्र असतील तर पत्र १७९७च्या जुलै-अखेरपासून साधारण पुढच्या वर्षाअखेरपर्यंतच्याच काळातलं असणार. आमच्याकडे एखादा पदार्थ ओळखायला दोन वेगळ्या पद्धती वापरतात आणि दोन्हींचं उत्तर जुळलं तरच नाव लिहितात, तसंच हे.

आता ‘पहिला’ या शब्दाची भानगड. जर्व्हिसच्या पत्रात नेल्सन स्वतःच म्हणतो की हा पहिला प्रयत्न. मग डाव्या हाताची पहिली सही याच पत्रावर असणार, असं कुणालाही वाटेल. पण आदल्या दिवसाचं, २६ जुलैचं, आणखी एक पत्र आहे. ते सांताक्रूझच्या बचावाचा प्रमुख डॉन अंतोनिओ गुतिएरेझ याला लिहिलेलं. ज्याने हरवलं त्यालाच. जखमी इंग्रजांना माणुसकीने वागवल्याबद्दल नेल्सनने त्याचे आभार मानले आणि इंग्लिश बिअरचं एक पिंप आणि चीज भेट पाठवलं. गुतिएरेझने उलट वाइन पाठवली. हे पत्र नेल्सनने सही करून पाठवलं, आणि २६ तारखेला त्याला उजवा हातच नव्हता. अक्षरतज्ज्ञाची गरज नाही, नुसत्या तारखेवरून ती सही डाव्या हाताची ठरते. म्हणजे सही पहिली स्पॅनिश शत्रूच्या पत्रावर, आणि अख्खं पत्र स्वतःच्या हाताने लिहिण्याचा पहिला प्रयत्न जर्व्हिसच्या पत्रात. दोन्ही विधानं खरी आहेत. पण ‘नेल्सनचं डाव्या हाताचं पहिलं पत्र’ असं मोघम लिहिलंत तर व्हायव्हात एखादा खट परीक्षक विचारेल, ‘पहिलं म्हणजे सही की मजकूर?’ मोठ्या माणसाचं पत्र बहुतेक वेळा कारकून किंवा सचिव लिहितो, मालक फक्त सही करतो. त्यामुळे ‘सही केलेलं’ आणि ‘स्वहस्ते लिहिलेलं’ हे दोन वेगळे शब्द वहीत वेगवेगळे लिहायची सवय आत्ताच लावून घ्या.

हा फरक आपल्याकडे तर फारच ठळक आहे. मराठेशाहीतल्या पत्रात मजकूर मोडीत चिटणीस किंवा कारकून लिहायचा, धनी वर शिक्का आणि शेवटी मोर्तब करायचा. मोर्तब म्हणजे लेखनसीमा : इथे मजकूर संपला, याखाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नाही. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरचे शब्दही मर्यादेविषयीचेच आहेत. इंग्रजी पत्रात हेच काम सही करते, पण तिथे सहीनंतर ताजा कलम जोडायची मोकळीक असते. नेल्सनच्या त्या पत्रातली सगळ्यात प्रसिद्ध ओळ, अक्षराची माफी मागणारी, सहीच्या खालीच आहे. म्हणजे पत्र पूर्ण झालं, सही झाली, मग लिहिलेल्या कागदाकडे बघून त्याला वाटलं की हे फारच वेडंवाकडं झालंय. ती ओळ मला पत्रातली सगळ्यात मोकळी ओळ वाटते. वरचं सगळं काहीतरी मिळवण्यासाठी लिहिलेलं आहे.

काय मिळवण्यासाठी? पत्र पुन्हा वाचा, या वेळी क्रियापदं शोधत. निराशेची वाक्यं दोन-तीन, मागण्या दोन : जोसायाला बढती द्या, मला फ्रिगेट द्या. आणि बढतीची मागणी पहिल्याच वाक्याला लागून येते. ‘मी निरुपयोगी झालो, पण’ असं म्हणून तो थेट मुलाच्या नोकरीवर येतो. जर्व्हिस हा बढती देऊ शकणारा माणूस होता, आणि नेल्सनला भीती होती की आपण इंग्लंडला परत गेलो की आपला शब्द चालणार नाही. अठराव्या शतकातल्या आरमारात वर चढायला ओळख लागायची. आपण मेलो किंवा निवृत्त झालो तर मुलाला कोण विचारणार, ही काळजी खरी होती. हल्ल्याच्या आधी, २४ तारखेला, उजव्या हाताने लिहिलेल्या शेवटच्या पत्रातही त्याने हेच केलं आहे. उद्या माझ्या डोक्यावर विजयाची पानं असतील किंवा मरणाची, असं म्हणून जोसायाला जर्व्हिसच्या आणि देशाच्या हवाली केलं. म्हणजे २७चं पत्र हा त्याच अर्जाचा दुसरा भाग आहे. नेल्सन स्वतः २४च्या पत्राचा संदर्भ देतो, आणि तरी बहुतेक लोक २७चं पत्र सुटं काढून वाचतात. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. पत्र कुणाला, कशासाठी आणि कोणत्या आधीच्या पत्राच्या मागोमाग गेलं, हे न बघता त्यातलं एक वाक्य ‘मनःस्थिती’ म्हणून सादर करणं म्हणजे ग्राफवरचा एकच बिंदू घेऊन उतार सांगण्यासारखं आहे.

अर्ज फळला. जोसायाला लवकरच कमांडरचा हुद्दा मिळाला.

दुसरं, निराशेचे शब्द. ‘इथून जाईन आणि पुन्हा दिसणार नाही’ हे वाक्य नेल्सनचं स्वतःचं नाही. ते बायबलमधल्या एकोणचाळिसाव्या स्तोत्राच्या शेवटाचं रूप आहे, आणि अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात ते स्तोत्र दफनविधीत वाचतात. नेल्सन पाळकाचा मुलगा होता. ही ओळ त्याच्या कानात लहानपणापासून असणार. आपल्याकडे कुणी पत्रात ‘आता पिकलं पान झालो, कधी गळेन सांगता येत नाही’ असं लिहिलं तर आपण ते वैद्यकीय निदान म्हणून वाचत नाही. ते दुःख खोटं असतं असं नाही. तयार वाक्य वापरलं म्हणजे भावना नकली असं ठरवणं हे दुसऱ्या टोकाचं कच्चं वाचन. पण तयार वाक्यावरून भावना किती खोल होती हे मोजता येत नाही, एवढं मात्र पक्कं.

मग मनःस्थितीचा पुरावा कुठे शोधायचा? पत्राच्या बाहेर. ‘थिसियस’चा सर्जन थॉमस एशेल्बी याच्या नोंदीत त्या रात्रीचं कोरडं वर्णन आहे : बंदुकीच्या गोळीने उजव्या हाताचं हाड मोडलं, कोपराच्या थोडं वर, धमनी तुटली, हात ताबडतोब कापला आणि नंतर अफू दिली. ही नोंद कुणाकडे काही मागत नाही, म्हणून मला ती जास्त मोलाची वाटते. तिच्यावरून एवढं कळतं की पत्र लिहिणारा माणूस भुलीशिवाय झालेल्या शस्त्रक्रियेनंतर दोनच दिवसांचा होता आणि त्याला अफू दिली गेली होती. पुढचे चार महिनेही वाईट गेले. धमनी बांधलेला रेशमी धागा जखमेतून सुटेना, तो डिसेंबरच्या सुरुवातीला निघाला तेव्हा वेदना थांबल्या, आणि ८ डिसेंबरला त्याने लंडनच्या चर्चमध्ये आभाराची प्रार्थना करवली. म्हणजे दुःख खरं होतं, अर्जही खरा होता, आणि एकाच कागदावर दोन्ही आहेत. वेगळं काढण्याचं काम आपलं.

आता याच्या शेजारी त्याच दिवसाचं, त्याच माणसाने, त्याच जर्व्हिसला पाठवलेलं अधिकृत खलिता-पत्र ठेवा. त्यात ओझं नाही, मरण नाही. हल्ला यशस्वी झाला नाही हे तो मान्य करतो आणि लगेच सांगतो की याहून जास्त धैर्य कुणी दाखवलं नसेल. स्वतःच्या हाताची बातमी सोबतच्या जखमी अधिकाऱ्यांच्या यादीत आहे : रिअर ॲडमिरल नेल्सन, उजवा हात गेला. एका ओळीत, इतरांच्या बरोबर. एक माणूस, एक दिवस, एक सही, आणि दोन पत्रांत दोन वेगळे आवाज. कोणता खरा? हा प्रश्नच चुकीचा आहे असं माझं मत आहे. एक पत्र आरमाराच्या दप्तरासाठी आणि वर्तमानपत्रासाठी होतं, दुसरं ओळखीच्या वरिष्ठासाठी. प्रश्न असा विचारा की त्या प्रकारच्या कागदात काय बोलायची मुभा होती आणि काय नव्हती.

अधिकृत कागद जास्त विश्वासार्ह असतो, या समजुतीला याच मोहिमेत एक चांगला धडा आहे. शहरात अडकलेल्या तुकडीचा प्रमुख थॉमस ट्रूब्रिज याने आपल्या सही केलेल्या अहवालात समोर ८,००० स्पॅनिश सशस्त्र असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात बचाव करणाऱ्यांची संख्या याच्या पाव भागाच्या आसपास होती. ट्रूब्रिज खोटारडा होता असं म्हणायची गरज नाही. रात्र, अनोळखी गल्ल्या, भिजलेला दारूगोळा, शत्रूचा आवाज चारी बाजूंनी. शिवाय माघार घ्यावी लागलेल्या अधिकाऱ्याला समोरचे जास्तच दिसतात. पण अहवालाखाली सही आहे, अहवाल त्याच काळातला आहे, लेखक घटनास्थळी हजर होता. प्राथमिक साधनाच्या सगळ्या अटी पुऱ्या होतात आणि आकडा चौपट. दुसऱ्या बाजूची कागदपत्रं वाचल्याशिवाय हे कळलंच नसतं.

यानंतर एक मुद्दा, जो मुलं सगळ्यात जास्त टाळतात : तुम्ही वाचता आहात तो मजकूर नक्की कुणाचा? कारण तुमच्या हातात मूळ कागद नाही, छापील पुस्तक आहे किंवा त्याचा पीडीएफ. नेल्सनच्या पत्रांचा छापील इतिहास हा स्वतंत्र सिनॉप्सिसचा विषय होईल. १८०९मध्ये क्लार्क आणि मॅकार्थर यांनी मोठं चरित्र काढलं आणि त्यात पत्रं वापरली, पण त्यांना नेल्सनची भाषा पुरेशी सभ्य वाटली नाही. शब्द बदलले, वाक्यं गाळली, वेगवेगळ्या पत्रांचे तुकडे एकत्र शिवले. १८१३चं रॉबर्ट सदी यांचं छोटं, गोड, प्रचंड खपलेलं चरित्र बरंचसं याच पुस्तकावर उभं आहे. मग १८४४ ते १८४६ या काळात सर निकोलस हॅरिस निकोलस यांनी सात खंडांत पत्रं छापली, मूळ कागद मिळतील तिथे मुळावरून, आणि मिळाले नाहीत तिथे नाइलाजाने क्लार्क-मॅकार्थरवरून. आजही सगळे निकोलसचाच आधार घेतात, आणि घ्यावाच, पण त्यातलं प्रत्येक पत्र सारख्या दर्जाचं नाही. पत्राच्या वर तो ते कुठून घेतलं हे बारीक अक्षरात सांगतो. ती बारीक ओळ न वाचता उतारा घेणाऱ्याला माझ्या मते निकोलसचं नाव लिहायचा हक्क नाही. १९५८मध्ये जॉर्ज नेश यांनी नेल्सनची बायकोला लिहिलेली पत्रं मुळावरून छापली. मग कॉलिन व्हाइट यांनी जगभरच्या संग्रहांत शोध घेऊन २००५मध्ये नवीन पत्रांचा खंड काढला, त्यात सुमारे ५०० पत्रं. दोनशे वर्षं ज्याच्यावर पुस्तकांमागून पुस्तकं आली त्याची इतकी पत्रं न छापता पडून होती! ‘या विषयावर सगळं झालंय, नवीन काय करणार’ असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर हा आकडा त्याला सांगा.

शब्दांचेही सापळे असतात. या पत्रांत नेल्सन जोसायाला ‘सन-इन-लॉ’ म्हणतो. आजच्या इंग्रजीने वाचलं तर जावई. पण नेल्सनला १७९७ साली मुलगीच नव्हती, होरेशियाचा जन्म १८०१चा. त्या काळात हा शब्द सावत्र मुलासाठीही वापरत. मराठीत भाषांतर करताना कुणी ‘जावई’ लिहिलं की एक नसलेली मुलगी आणि एक नसलेलं लग्न इतिहासात शिरलं.

नावांचंही तसंच, आणि इथे आपली मुंबई येते. नेल्सन पोरवयात, १७७०च्या दशकात, ‘सीहॉर्स’ या जहाजावरून हिंदी महासागरात होता, १७७५मध्ये मुंबईलाही आला होता. इकडच्या तापाने मरायला टेकला तेव्हा त्याला ‘डॉल्फिन’ या जहाजावरून १७७६मध्ये घरी पाठवलं. आता टेनेरीफच्या हल्ल्यात ‘सीहॉर्स’ आहे, आणि जोसायाला बढती मिळून जे जहाज मिळालं त्याचं नाव ‘डॉल्फिन’. किती छान योगायोग, नाही का? लेख लिहायचा मोह होतो : ज्या जहाजाने नेल्सनला वाचवलं त्याच जहाजाचा कप्तान त्याला वाचवणारा मुलगा झाला. पण मुंबईला आलेलं ‘सीहॉर्स’ १७४८चं, टेनेरीफचं १७९४चं. पहिलं ‘डॉल्फिन’ तर १७७७मध्येच मोडीत निघालं होतं. आरमार जुनी नावं नव्या जहाजांना देतं. जहाजाच्या नावापुढे बांधणीचं वर्ष लिहायची पद्धत यासाठीच आहे.

सहीकडे परत येऊ, कारण नेल्सनला स्वतःला कागदाच्या रूपाची ताकद पुरेपूर कळत होती. २ एप्रिल १८०१, कोपनहेगनची लढाई. लढाई चालू असताना त्याने डेन्मार्कच्या लोकांना तहाची चिठ्ठी पाठवली. हकिकत अशी सांगतात, की पाकीट बंद करायला कुणीतरी चिकटवायची गोंदाची टिकली पुढे केली, तेव्हा त्याने ती नाकारली, मेणबत्ती आणि लाख मागवली आणि सावकाश शिक्का मारला. घाईत चिकटवलेलं पाकीट बघून समोरच्याला वाटलं असतं की हा अडचणीत आहे. म्हणजे त्या कागदावरचा नीटनेटका शिक्का काय सांगतो? नेल्सन शांत होता, असं नाही. तो शांत आहे असं डॅनिश लोकांना वाटावं हे त्याला हवं होतं, एवढंच. शिक्का हा लेखकाच्या मनाचा पुरावा होत नाही, लेखकाच्या हेतूचा होतो.

उलट, त्याचं सगळ्यात जास्त छापलं गेलेलं पत्र बिनसहीचं आहे. १९ ऑक्टोबर १८०५ला ट्रॅफल्गारच्या तोंडावर त्याने एमा हॅमिल्टनला पत्र सुरू केलं, दुसऱ्या दिवशी त्यात भर घातली, आणि ते पुरं झालंच नाही. २१ तारखेला तो मेला. पत्र त्याच्या मेजावर सापडलं आणि एमाकडे पोचवलं गेलं. तिने त्याच्या शेवटी स्वतःच्या हाताने स्वतःच्या दुर्दैवाबद्दल आणि त्याच्या कीर्तीबद्दल एक ओळ लिहिली. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. सही नाही, मोर्तब नाही, तरी हे पत्र त्याचं आहे याबद्दल कुणी गंभीर शंका घेत नाही. कारण हस्ताक्षर जुळतं, मजकूर त्या दोन दिवसांच्या इतर नोंदींशी जुळतो, आणि कागद कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला ही साखळी माहीत आहे. लिलावात हजारो पौंडांना जाणाऱ्या सही केलेल्या पत्रांपैकी कितींची अशी साखळी सांगता येते, हे शोधून बघण्यासारखं आहे.

आता काम. निकोलसचा दुसरा खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतो. त्यातली २४, २६ आणि २७ जुलै १७९७ची पत्रं काढा, २७ची दोन्ही. प्रत्येकासाठी वहीत एक ओळ लिहा : कुणाला, कुठून, कोणत्या हाताने, नुसती सही की सगळा मजकूर, काय मागितलं, आणि निकोलसने ते कुठून घेतलं. शेवटच्या रकान्यात ‘मूळ कागदावरून’ लिहिता आलं नाही, तर त्या पत्रातलं वाक्य अवतरणचिन्हांत टाकण्याआधी गाईडला विचारा.